फटफटीवरचा एकांत

रत्नागिरी–सोलापूर हा 166 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आमच्या मंगळवेढ्याला लागून जातो. पाऊस ओसरला, दसरा झाला, की या रस्त्याने समुद्राकडे निघालेली एखादी फटफटी हमखास दिसते. स्वार एकटाच. मागच्या बैठकीवर माणसाच्या जागी दोरीने आवळलेला तंबू, एक वळकटी आणि लहानसा स्टोव्ह. हा गृहस्थ आता कोकण किनाऱ्याने आठ दिवस एकटा भटकणार आणि घरी परतल्यावर त्याविषयी लिहिणार, हे आम्ही धरून चालतो. प्रवास म्हटला की दिंडी आणि पंढरीची वाट एवढेच डोळ्यांपुढे येणाऱ्या दामाजीपंतांच्या या गावाला, मुद्दाम एकटे जाण्याचे नवल वाटते. म्हणूनच असली वर्णने आम्ही आवडीने वाचतो.

आवडीने वाचतो, पण वाचून पुष्कळदा उपाशीच उठतो. आम्ही कोरडवाहू मुलखातली माणसे. चार पाने का होईना, पाणी पाहायला मिळेल या आशेने बसावे, तर समुद्र ‘अथांग’ असतो, क्षितिज ‘धूसर’ असते आणि सूर्यास्त ‘शब्दांपलीकडचा’ असतो. शब्दांपलीकडचा असेल, तर लेखकाने लेखणी हातात घेतलीच कशाला? पुढे गाडीचे गुण येतात. मग तंबू उभारल्याची हकीकत. मग ‘मी आणि समुद्र, दोघेच!’ इथे लेख संपतो. रस्ता कोणी दाखवला, पिण्याचे पाणी कुणाच्या विहिरीचे, बिघडलेली गाडी कोणी ढकलली, याचा पत्ता नाही. माणसे असलीच, तर माडांप्रमाणे कडेला उभी!

यावर कोणी म्हणेल, एकट्याच्या प्रवासात माणसे कोठून येणार? पण आमच्या वाङ्मयातच याचे उत्तर आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले, ते देखावे पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते आणि दक्षिणेची आशा होती. बरोबर चुलते होते. वाटेत बंडाची धामधूम, झाशीचा वेढा, लुटालूट, सगळे वाट्याला आले. आणि भटजी परतले ते गंगेची कावड घेऊन. 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी छापून प्रसिद्ध केलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आजही हातातून सुटत नाही, कारण भटजी पदोपदी कुणाच्या तरी दारात उभे आहेत. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मधला (1957) नर्मदाकाठचा प्रवासी तर खराच एकटा. परंतु परिक्रमावाशाला दुसऱ्याच्या दारातल्या भिक्षेवर चालावे लागते. त्यामुळे त्याच्या एकटेपणात गावेच्या गावे येऊन बसतात.

आता तंबूकडे पाहा. तंबू म्हणजे पाठीवरचे छप्पर. तो जवळ असला की कुणाच्या ओसरीवर ‘आजची रात्र पडू का?’ म्हणून विचारावे लागत नाही. सोय मोठी खरी. पण माझ्या मते प्रवासवर्णन त्या विचारण्यापासूनच सुरू होते. न विचारता निभावणारा प्रवासी स्वतःचे घर बरोबर घेऊन फिरतो आणि त्याच्या लेखात आपल्याला दिसते तेही बहुधा त्याचेच घर.

गंमत अशी, की किनारा या स्वाराला सुखासुखी पुढे जाऊ देत नाही. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग खाड्यांनी ठिकठिकाणी तोडलेला आहे. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, अशा जागी गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. बोट पलीकडे असली की थांबणे आले. धक्क्यावर मासळीच्या टोपल्या, माहेरी निघालेली लेकुरवाळी, शाळेची पोरे. लेख खरा तिथे पिकायला हवा. आमचे लेखक मात्र ‘अर्धा तास वाया गेला’ एवढीच नोंद करतात! या खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना आहेत. कोकणच्या माणसाची सोय होईल, ती व्हावीच. पण लेखकाला आयता मिळणारा थांबा मात्र जाईल.

टेड सायमन नावाचा इंग्रज पत्रकार 1973 ते 1977 या काळात ट्रायम्फ मोटारसायकलवरून एकटाच जगभर फिरला. त्याचा ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ (1979) हा ग्रंथ आठवतो तो बिघाड, खोळंबे आणि त्या निमित्ताने भेटलेल्या माणसांमुळे. ‘ज्युपिटर’ म्हणजे गुरू हे नावही त्याला आपल्याच देशात भेटलेल्या एका भविष्य सांगणाराकडून मिळाले. एकट्याने जावे कसे आणि लिहावे कसे, याचा तो चांगला पाठ आहे.

याचा अर्थ एकांत खोटा, असे मी म्हणत नाही. आमच्याकडे शाळू भरात आला की राखणीला शेतातल्या माळ्यावर एकट्याने निजावे लागते. त्याला कोणी साहस म्हणत नाही. पण त्या माणसाला रात्र विचारा! कोणत्या पानाचा आवाज वाऱ्याचा आणि कोणता डुकराचा, हे तो अचूक सांगतो. त्याचे एकटेपण कान देऊन जागे असते. समुद्रकाठच्या तंबूतून मला नेमके हे हवे आहे.

वेळासचेच पाहा. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. 2002 पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखली. अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाच्या रोखाने सरकते. समुद्रावरचे आकाश उजळ, म्हणून ते पाण्याकडे जाते. त्या वेळी मागे कोणाचा कंदील जळत असेल, तर ते जमिनीकडे भरकटते. तंबूतल्या दिव्याच्या उजेडात ‘मी आणि समुद्र, दोघेच’ असे लिहिणाऱ्याला हे ठाऊक असायला नको काय? त्याने दिवा मालवला, तर वाळूत आणखी कोणी आहे हे त्याला कळेल. आणि त्याचा लेखही त्याच अंधारात सुधारेल.

तेव्हा, फटफटीवाल्या मित्रांनो, अवश्य जा. आणि लिहा. फक्त ‘अथांग’ हा शब्द खर्ची घालण्यापूर्वी बोटीवर शेजारी कोण उभे होते ते आठवा. पौषात परत येणार असाल, तर मंगळवेढ्याला वाकडी वाट करा. हुरडा तयार असेल. तंबू गाडीवरच राहू द्या. ओसरी मोकळी आहे.