यंत्रसमूहाची स्वायत्तता : एक चिकित्सा

हार्वर्ड विद्यापीठातील मायकेल रुबेनस्टाइन, अलेहान्द्रो कोर्नेहो व राधिका नागपाल यांचा १०२४ लघुयंत्रांच्या समूहावरील निबंध २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 'किलोबॉट' या नावाचे हे प्रत्येक यंत्र अवघ्या ३३ मिलिमीटर व्यासाचे. कंप पावणाऱ्या दोन मोटरींच्या बळावर ते सरकते आणि अवरक्त किरणांच्या साहाय्याने केवळ निकटच्या शेजाऱ्यांशी संपर्क साधते. अशा यंत्रांनी सुमारे बारा तासांत, मध्ये मनुष्याचा हात न लागता, तारकेसारख्या आकृती सिद्ध केल्या. या प्रयोगाचे मोल निर्विवाद आहे. तथापि त्यावरून यंत्रसमूहाच्या स्वायत्ततेविषयी काढले जाणारे व्यापक निष्कर्ष तपासून घेणे आवश्यक ठरते.

अशा समूहांची तुलना सामान्यतः मुंग्यांशी वा वाळवीशी केली जाते. पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये दाखविले की, वाळवीने आधी रचलेली मातीच पुढील रचनेस प्रेरणा देते. त्यासाठी वारुळाचा आराखडा कोणा एका कीटकापाशी असावा लागत नाही. किलोबॉटांची गोष्ट निराळी आहे. इष्ट आकृतीचे संपूर्ण चित्र येथे प्रत्येक यंत्राच्या स्मृतीत आधीच घातलेले असते. तसेच आकृतीचे स्थान व दिशा निश्चित करणारी चार आरंभयंत्रे माणूसच मांडून ठेवतो. स्थिर झालेल्या शेजाऱ्यांपासूनचे अंतर मोजून आपली जागा ओळखणे, एवढेच यंत्रे स्वतः करतात. सारांश, स्थानाचे ज्ञान समूहाने मिळविलेले असले, तरी साध्याचे ज्ञान त्याला दिलेले आहे.

या भेदामुळे प्रयोगाला उणेपणा येत नाही. उलट त्याचे खरे यश कोठे आहे ते स्पष्ट होते. हजार स्वस्त यंत्रांत काही अडखळणार, काही वाट अडविणार, हे गृहीत धरूनच कार्यक्रमाची रचना झाली आहे. व्यक्तीच्या दोषाने समूहाचे कार्य मोडू नये, ही खरी सिद्धी होय.

'स्वायत्त' म्हणजे स्वतःच्या अधीन. किलोबॉट कृतीपुरते स्वायत्त आहेत, हेतूपुरते नाहीत. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. अशी यंत्रे प्रयोगशाळेबाहेर पडून त्यांच्याकडून काही अनर्थ घडला, तर 'ते समूहाने केले' असे म्हणून हेतू घालून देणाऱ्यास जबाबदारी झटकता येऊ नये. त्यासाठी या शब्दाची मर्यादा आजच आखून ठेवणे इष्ट होय.