हंगामातील माघार आणि ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा

एखाद्या कृतीचे मूल्यमापन करताना आपण जो शब्द प्रथम योजतो, त्यातच पुष्कळदा निर्णयही दडलेला असतो. अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रात गेल्या दशकात वारंवार घडलेल्या एका घटनेच्या चर्चेत याचा विशेष प्रत्यय येतो. हंगाम चालू असतानाच एखादा प्रमुख खेळाडू उरलेले सामने न खेळण्याचा निर्णय जाहीर करतो. विरोधक त्याला ‘क्विटर’ म्हणतात. म्हणजे आपण ज्याला पळपुटा म्हणू तो, किंवा मुलांच्या भाषेत रडीचा डाव खेळणारा. समर्थक ‘ऑप्ट आउट’ असा प्रयोग करतात. त्यात एक पर्याय नाकारल्याचा अर्थ तेवढा आहे, कर्तव्यच्युतीचा गंधही नाही. पहिल्या शब्दाने खटल्याआधीच शिक्षा सुनावली जाते, तर दुसऱ्याने खटलाच निकालात निघतो. या दोहोंच्या मुळाशी एक तिसरी संज्ञा आहे, ती म्हणजे ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’, आपल्या भाषेत ‘विद्यार्थी-खेळाडू’. या संज्ञेची चिकित्सा केल्यावाचून माघारीचा न्याय करता येणार नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ज्या चौकटीत ही घटना घडते, तिची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे. अमेरिकन फुटबॉलचा विद्यापीठीय हंगाम शरद ऋतूत असतो आणि त्यात प्रत्येक संघाचे साधारणतः बारा नियमित सामने होतात. या क्रीडाप्रकारांचे नियमन करणारी ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ ही संस्था ‘एन.सी.ए.ए.’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. तिच्या दीर्घकालीन नियमानुसार खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येत. ज्या हंगामात तो मैदानात उतरला नाही, तो हंगाम त्याच्या खाती धरला जात नसे. अशा राखून ठेवलेल्या हंगामास, सरावाच्या वेळच्या लाल सदऱ्यावरून, ‘रेडशर्ट’ असे नाव पडले. २०१८ च्या जून महिन्यात या नियमात एक दुरुस्ती झाली. फुटबॉलपटूने चारपर्यंत सामने खेळले तरी त्याचा हंगाम खर्ची पडणार नाही, असे ठरले. नवोदितांना हंगामाच्या उत्तरार्धात अनुभव मिळावा, दुखापतींनी खंगलेल्या संघांना हात मिळावेत, असा उदार हेतू त्यामागे होता. तथापि नियमाने सामन्यांची संख्या तेवढी मोजली. ते कोणते सामने असावेत याविषयी तो मौन होता. साहजिकच पहिले चार सामने खेळून थांबणाऱ्यालाही त्याचा लाभ मिळू लागला. चौथा सामना आणि पाचवा सामना यांमधील आठवडा हा निर्णयाचा आठवडा बनला. माघारीची वेळ खेळाडूंच्या चंचलतेतून जितकी आली, तितकीच ती या नियमाच्या रचनेतून आली.

आता प्रत्यक्ष उदाहरणे पाहू. क्लेम्सन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट याने २०१७ च्या हंगामात आपल्या संघाला राष्ट्रीय उपांत्य सामन्यापर्यंत नेले होते. २०१८ च्या सप्टेंबरात संघाने चारही सामने जिंकले असताना त्याच्या जागी ट्रेव्हर लॉरेन्स या प्रथम वर्षाच्या खेळाडूची निवड झाली. ब्रायंटने संघ सोडला आणि पुढील हंगाम तो मिसुरी विद्यापीठाकडून खेळला. २०१९ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाचा डी’एरिक किंग हा चार सामन्यांनंतर थांबला. त्या चारांपैकी तीन सामन्यांत संघाचा पराभव झाला होता. पुढे तो मायामी विद्यापीठाकडे गेला. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या निक बोसाचे प्रकरण निराळे आहे. २०१८ च्या सप्टेंबरात त्याला गंभीर दुखापत झाली, ऑक्टोबरात त्याने विद्यापीठीय खेळाचा निरोप घेतला आणि २०१९ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगस शाखेचा मॅथ्यू स्लुका हा २०२४ मध्ये संघाने तीनही सामने जिंकले असताना बाजूला झाला. एक लाख डॉलर देण्याचे आश्वासन पाळले गेले नाही, असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते. विद्यापीठाने ते नाकारले.

या चौघांपैकी एकाचे स्थान गेले होते, दुसऱ्याचा संघ हरत होता, तिसऱ्याचे शरीर जायबंदी होते आणि चौथ्याचा व्यवहार फिसकटला होता. या चार भिन्न कारणांना एकाच विशेषणाखाली कोंबणारी टीका भेद पाहण्याचे आपले पहिलेच काम टाळते. परंतु असे का घडते? चौघांनीही जे मोडले असे मानले जाते, ते वचन एकच आहे असे गृहीत धरले जाते म्हणून. ते वचन कोणते, कोणी कोणास दिलेले, हा खरा प्रश्न आहे.

येथे ‘विद्यार्थी-खेळाडू’ या संज्ञेचा इतिहास उपयोगी पडतो. १९५३ मध्ये कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठातील एका जखमी फुटबॉलपटूस नोकर मानून नुकसानभरपाईचा हक्क मान्य केला. १९५५ मध्ये त्याच राज्यातील फोर्ट लुईस महाविद्यालयाच्या एका खेळाडूचा सामन्यातील आघाताने मृत्यू झाला आणि त्याच्या विधवेने भरपाईची मागणी केली. १९५७ मध्ये ती त्याच न्यायालयाने फेटाळली. महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नव्हते, असा त्याचा आधार होता. नेमक्या याच दशकात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द अधिकृत भाषेत रूढ करण्यात आला. १९५१ पासून १९८७ पर्यंत एन.सी.ए.ए.चे कार्यकारी संचालक असलेल्या वॉल्टर बायर्स यांनी १९९५ मध्ये ‘अनस्पोर्ट्समनलाइक कंडक्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. खेळाडू नोकर ठरतील या भीतीच्या निवारणार्थ हा शब्द घडविला गेला, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. ज्याने छत्तीस वर्षे एक व्यवस्था चालविली, त्यानेच तिच्या मुख्य शब्दाचे प्रयोजन असे उलगडून दाखवावे, हे त्या ग्रंथाचे महत्त्व होय.

या सामासिक शब्दाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. वरवर पाहता तो द्वंद्व समास वाटतो. विद्यार्थी आणि खेळाडू, दोन्ही पदे समान मानाची. व्यवहारात मात्र त्यातील पदे प्रसंगानुसार पुढे-मागे केली जातात. खेळाडूने मोबदला मागितला की तो विद्यार्थी ठरतो, आणि अभ्यासासाठी, प्रकृतीसाठी किंवा भवितव्यासाठी थांबू लागला की खेळाडू ठरतो. सामान्य विद्यार्थ्याने सत्राच्या मध्येच एखादी संगीतमंडळी सोडली, तर त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. उलट, नोकराने नोकरी सोडली तर करारातील मुदतीचा प्रश्न येतो. चारित्र्याचा येत नाही. विद्यार्थी-खेळाडूच्या वाट्याला मात्र नोकराची बंधने आणि विद्यार्थ्याची मिळकत एकाच वेळी आली.

ज्या संस्थेने करार नाकारण्यासाठीच एक शब्द घडविला, तिला करारनिष्ठेची अपेक्षा कोणत्या आधारावर करता येईल? शिष्यवृत्ती हाच करार, असे उत्तर दिले जाते. परंतु १९७३ मध्ये चार वर्षांच्या शिष्यवृत्तीच्या जागी दरवर्षी नूतनीकरण होणारी शिष्यवृत्ती आली, आणि नूतनीकरणाचा निर्णय संस्थेच्या हाती राहिला. बहुवर्षीय शिष्यवृत्तीस पुन्हा मुभा मिळाली ती २०१२ मध्ये. म्हणजे सुमारे चार दशके एका पक्षाची निष्ठा वर्षाची आणि दुसऱ्याकडून अपेक्षित निष्ठा संपूर्ण, असा हा व्यवहार होता.

प्रशिक्षकांच्या वर्तनाशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. २०२१ च्या नोव्हेंबरअखेरीस ब्रायन केली यांनी नोत्र दाम विद्यापीठाचा संघ सोडून लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. त्या वेळी संघाने बारापैकी अकरा सामने जिंकले होते आणि राष्ट्रीय स्पर्धेची आशा संपलेली नव्हती. २०२५ च्या ऑक्टोबरात हंगाम चालू असतानाच त्याच लुइझियाना स्टेटने केली यांना दूर केले. त्यानंतर महिनाभरात लेन किफिन हे मिसिसिपी विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर असताना तो सोडून त्याच रिकाम्या पदावर आले. या घटनांवरही टीका झाली. परंतु तेथे मुदत, भरपाई, वेतन असे शब्द उपलब्ध होते, कारण तेथे करार होता. खेळाडूच्या बाबतीत ही शब्दसंपत्ती नाकारली गेल्यामुळेच टीकेला नीतीच्या शब्दांचा आश्रय घ्यावा लागला.

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की खेळाडूला मग कोणतेच बंधन नाही. तसे मानणे चुकीचे होईल. ब्रायंटने संघ सोडल्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात, २९ सप्टेंबर २०१८ रोजी सिरॅक्यूजविरुद्ध, लॉरेन्स जखमी होऊन बाहेर गेला. चेस ब्राइस हा तोवर फारसा परिचित नसलेला राखीव खेळाडू मैदानात आला आणि क्लेम्सनने तो सामना २७-२३ असा कसाबसा जिंकला. सामना हातचा गेला असता, तर सोडून गेलेल्या एकाच्या निर्णयाची किंमत इतर अनेकांनी मोजली असती. संघातील सोबत्यांनी एकत्र घाम गाळलेला असतो आणि एकमेकांच्या शरीराच्या भरवशावर स्वतःचे शरीर धोक्यात घातलेले असते. हे ऋण कागदावर नसले तरी खरे आहे. मात्र त्या ऋणाचा धनको सोबती आहे, संस्था नव्हे. ब्राइसने ब्रायंटला जाब विचारला असता, तर त्याला उत्तर देणे ब्रायंटला भाग होते. तोच जाब संघाच्या नावाने संस्था विचारते, तेव्हा ती दुसऱ्याच्या येण्याची वसुली आपल्या खाती करते.

या कसोटीने पाहिले असता चारही प्रकरणांचे निरनिराळे मूल्यमापन करता येते. जखमी बोसाकडे देण्यासारखे फार उरले नव्हते. शिवाय शरीर हीच ज्याची एकमेव पुंजी, त्याने ती जपणे गैर म्हणता येत नाही. नोत्र दामचा जेलन स्मिथ १ जानेवारी २०१६ च्या सामन्यात गुडघा जायबंदी होऊन व्यावसायिक निवडीत चौतिसाव्या क्रमांकापर्यंत घसरला, हे उदाहरण सर्वांसमोर होते. ब्रायंटने स्पर्धेत स्थान गमावले होते. त्याच्या जाण्याने सोबत्यांचे नुकसान संभवत होते, पण संघाने त्याला मुख्य स्थानावरून आधीच दूर केले होते. किंगची कृती समर्थनास सर्वांत कठीण, कारण हरणाऱ्या संघाला त्याची गरज सर्वाधिक होती. पण नियमाने उघडलेले दार वापरणे हा अपराध नव्हे, हेही तितकेच खरे. स्लुकाच्या बाबतीत तथ्यच वादग्रस्त आहे. आश्वासन दिले गेले होते की नाही, यावर सारा निर्णय अवलंबून आहे. आश्वासने तोंडी का राहतात, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा त्याच जुन्या संज्ञेपाशी येऊन थांबते.

अलीकडच्या घडामोडींनी या संज्ञेचा आधार बराचसा ढासळला आहे. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आल्स्टन खटल्यात शिक्षणविषयक लाभांवरील निर्बंधांविरुद्ध एकमताने निर्णय दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये मान्य झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. २०२५-२६ या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी ठरली. आता करार लिहिले जात आहेत, आणि माघार हा क्रमशः करारभंगाचा प्रश्न होत जाईल. यात खेळातील निर्व्याज आनंद लोपेल अशी खंत काही जण व्यक्त करतात. परंतु जो हौशी भाव केवळ खेळाडूकडूनच अपेक्षिला गेला आणि ज्याचे उत्पन्न इतरांनी घेतले, त्याच्या लोपाचा शोक करताना तो कोणाचा होता हे आधी ठरवावे लागेल.

करार आल्याने सोबत्यांचे ऋण मात्र फिटणार नाही. भरपाईची रक्कम संस्थेला मिळेल; मैदानात एकटा पडलेल्या राखीव खेळाडूला तिच्यातून काही मिळणार नाही. म्हणून पुढील टीकेने दोन प्रश्न वेगळे ठेवणे इष्ट. संस्थेशी काय ठरले होते, हा पहिला; त्याचे उत्तर कागदपत्रांत शोधावे आणि दोन्ही पक्षांना एकच माप लावावे. सोबत्यांचे काय देणे लागत होते, हा दुसरा. त्याचे उत्तर संघातील माणसांच्या तोंडूनच ऐकावे, त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांच्या नव्हे. हे दोन प्रश्न ज्या एका शब्दाने सत्तर वर्षे एकत्र बांधून ठेवले, तो शब्द आता इतिहासाच्या अभ्यासकांकडे सोपविण्यास हरकत नाही.