वाक्य पूर्ण होईपर्यंत

'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ'च्या पूर्वार्धात एक प्रसंग आहे. दिल्ली विद्यापीठात शिकणारी लैला कॉलेजच्या बँडसाठी गाणी लिहिते आणि बँड स्पर्धा जिंकतो. निकाल सांगणाऱ्या बाई मोठ्या कौतुकाने जाहीर करतात की, गाणं एका अपंग मुलीने लिहिलंय हे कळल्यावर बक्षीस यांनाच द्यायचं ठरलं. मग व्हीलचेअरवरच्या लैलासमोर माईक येतो. किती कठीण गेलं असेल तुला, सांग ना आम्हाला काहीतरी! लैला मधलं बोट दाखवते.

त्या बोटावर आपण हसतो, टाळ्या वाजवतो. मला तो माईक जास्त बोलका वाटतो. लैलाला सेरेब्रल पाल्सी आहे, तिला एक वाक्य बोलायला वेळ लागतो. माईक धरणाऱ्या बाईंकडे तो वेळ नाही, आणि त्यांना तिचं वाक्य नकोच आहे. त्यांना हवं असलेलं वाक्य त्यांच्या डोक्यात आधीच तयार आहे. अशा वेळी बोट हेच सगळ्यात जलद उत्तर.

शोनाली बोस दिग्दर्शित हा सिनेमा 2014 साली टोरांटो महोत्सवात दाखवला गेला आणि 2015 साली भारतात प्रदर्शित झाला. त्यामागची प्रेरणा म्हणजे बोस यांची कझिन मालिनी चिब. मालिनींचं आत्मचरित्र 'वन लिटल फिंगर' 2010 साली आलं. नावात आहे ते अक्षरशः खरं आहे, पुस्तक त्यांनी एका बोटाने टाइप केलंय. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, कारण अशा मुलांना शिकवणारी जागाच नव्हती.

सेरेब्रल पाल्सीत नेमकं होतं काय? मेंदू घडत असताना, म्हणजे गर्भात, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या काही वर्षांत, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही, पण शरीर वाढतं तसे तिचे परिणाम बदलत जातात. कुणाचे स्नायू ताठ राहतात, कुणाचा तोल जातो, कुणाचे हातपाय आणि चेहरा मनात नसताना हलतात, आणि बोलायचा प्रयत्न केला की जास्तच हलतात. ओठ, जीभ, श्वास हे सगळं स्नायूंवरच चालतं. त्यामुळे डोक्यात वाक्य तयार असूनही तोंडातून ते तुटक, ओढत येतं. काहींच्या बुद्धीवर परिणाम झालेला असतो, काहींच्या अजिबात नाही. नुसत्या बोलण्यावरून यातलं काहीच ठरवता येत नाही, तरी आपण दोन सेकंदांत ठरवून टाकतो आणि सोबत आलेल्या माणसाला विचारतो, "ही चहा घेते का?"

बीबीसी रेडिओवर अपंगत्वाविषयीचा एक कार्यक्रम 1977 पासून वीसेक वर्षं चालला. त्याचं नावच होतं 'डझ ही टेक शुगर?' साखर घेतो का तो? म्हणजे ही खोड फक्त आपली नाही.

म्हणूनच अशा कलाकृतीकडे बघताना मला एकच गोष्ट तपासावीशी वाटते: ती आपल्याला थांबायला लावते का? आपण व्हॉइस नोटसुद्धा दीडपट-दुप्पट वेगाने ऐकणारी माणसं आहोत. कल्की केक्लांची लैला पहिली दहा मिनिटं कळायला जड जाते. मग कान सरावतात. अर्ध्या तासाने आपण तिच्या बोलण्याकडे नाही, ती काय बोलतेय त्याकडे लक्ष देऊ लागतो. सिनेमाचं सगळ्यात मोठं काम इथेच झालंय, आणि त्यासाठी एकही भाषण लागलेलं नाही. रेवतीने केलेली मराठी आई तर कधी तिचं वाक्य तोडत नाही. लेकीच्या लॅपटॉपमध्ये डोकावते, भांडते, हद्दी ओलांडते, पण वाक्य पूर्ण करू देते. अशी आई हिंदी सिनेमात विरळाच. उत्तरार्धात न्यूयॉर्क, खानुमशी नातं, आईचं आजारपण अशी विषयांची दाटी होते आणि सिनेमा धापा टाकायला लागतो. तरी शोकसभेचा प्रसंग पाहा. आईबद्दलचं आपलं बोलणं लैला आधीच रेकॉर्ड करून ठेवते आणि तिथे फक्त लावते. कुणाच्याही घाईत सापडू नये म्हणून.

आता पुस्तक. गंमत अशी की मालिनींच्या पुस्तकात हा उशीर दिसतच नाही. छापील वाक्य माझंही तितक्याच वेगाने वाचलं जातं आणि तिचंही. एक पान लिहायला किती वेळ लागला असेल, ते वाचकाला जाणवत नाही. मला ही पुस्तकाची उणीव वाटत नाही. चारचौघांत जी बरोबरी मिळत नाही ती कागदावर मिळते, आणि त्यांनी ती पुरेपूर वापरलीय. अनुकंपा नको, जोडीदार हवा, नोकरी हवी, हे त्या सरळ मांडतात. लंडनमधल्या दिवसांबद्दलचा भाग तर प्रत्येक नगरसेवकाला वाचायला द्यावा. रॅम्प आणि चाकाची खुर्ची आत घेणारी बस मिळाली की तीच बाई एकटी फिरते. मुंबईत उतरली की पुन्हा दुसऱ्यावर अवलंबून. दरम्यान तिच्या मेंदूत काहीही बदललेलं नसतं.

डब्लिनच्या क्रिस्टी ब्राऊनने 1954 साली 'माय लेफ्ट फूट' लिहिलं, त्यावर 1989 साली जिम शेरिडन यांचा सिनेमा आला आणि डॅनियल डे-लुईसला ऑस्कर मिळालं. पुस्तकात पाच वर्षांचा क्रिस्टी डाव्या पायाच्या बोटांत खडू धरून 'ए' हे एकच अक्षर काढतो. सिनेमात मनात राहतो तो जमिनीवर लिहिलेला 'मदर' हा अख्खा शब्द. एका अक्षरापासून शब्दापर्यंत आईने घेतलेला रोजचा सराव होता. पडद्यावर त्यातलं फारसं मावत नाही. चमत्कार मात्र मावतो.

आणि इथे माझी खरी तक्रार सुरू होते. क्रिस्टी चित्रकार आणि लेखक, लैला लेखिका. हालचालींचं सोडून शिकण्यातल्या अडचणीकडे वळलं तरी तेच. 'तारे जमीन पर'मधल्या (2007) ईशानला डिस्लेक्सिया आहे. अक्षरं नीट न ओळखता येणारा हा मुलगा शेवटी चित्रकलेची स्पर्धा जिंकतो, तेव्हाच आपल्याला हुश्श होतं. पण वाचता येत नाही आणि चित्रही बेताचंच काढतो, अशा मुलाचं काय? 'दिव्यांग' हा सरकारी शब्द मला याच कारणासाठी खटकतो. एक अवयव नीट चालत नाही म्हटल्यावर बदल्यात काहीतरी दिव्य द्यायची जबाबदारी तो त्या माणसावरच टाकतो. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व मोजलंय, त्यात सेरेब्रल पाल्सी आहे आणि वाचन-लेखनातली विशिष्ट अडचणही. त्या यादीत शिरायला प्रतिभेचा दाखला लागत नाही. सिनेमात शिरायला लागतो.

भूमिका कोण करतं, हाही प्रश्न आहेच. कल्कीने जीव ओतलाय, पण लैला चालू-बोलू शकणाऱ्या नटीनेच केली. आपल्या मराठीत 'यलो' (2014) मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली. म्हणजे करता येतं. पण गौरी पोहण्यातली पदकविजेती होती, म्हणून तर सिनेमा निघाला.

'मार्गारिटा'त लैलाचा एक मित्र आहे, ध्रुव. तोही व्हीलचेअरवर, त्याचं तिच्यावर प्रेम. बँडमधल्या देखण्या गायकासाठी ती त्याला बाजूला करते. ध्रुव गाणी लिहीत नाही, न्यूयॉर्कला जात नाही. दिल्लीत राहतो, चिडतो, मत्सर करतो. मला त्याचं वाक्य पूर्ण ऐकायचं होतं, पण सिनेमा तोवर विमानतळावर पोहोचला होता.