पैशांचं चीज

सहलीत पैशांचं चीज झालं की नाही, हा हिशेब मराठी माणूस परतीच्या विमानात मांडतो. इटलीत पार्माच्या आसपास तो जागेवरच मांडता येतो. कारण तिथं पैसे भरून चीजच बघायला नेतात. 'पार्मिजानो रेज्जानो' हे त्याचं पूर्ण नाव. आपल्याकडे डब्यातून 'पार्मेसान' म्हणून जी पूड मिळते, तिचं याच्याशी नातं तितकंच, जितकं माझं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांशी.

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. चवीतलं मला काही कळतं, असा आमच्या सौ.चा तरी समज नाही. पण तारण, गोदाम आणि व्याज या तीन विषयांवर बोलायचा अधिकार वीस वर्षांच्या नोकरीनं मला दिला आहे. प्रस्तुत परीक्षण त्या अधिकारात.

सहलीचा पहिला भाग उत्तम. प्लॅस्टिकच्या टोप्या घालून आमचा वीस जणांचा जथा सकाळी आत शिरला. समोर उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या हंड्या. त्यांत आदल्या संध्याकाळचं साय काढलेलं दूध आणि सकाळचं ताजं दूध एकत्र करतात. ते घट्ट झालं की मोठ्या रवीसारख्या अवजारानं गव्हाच्या दाण्याएवढं बारीक करायचं आणि ५५ अंशांपर्यंत तापवायचं. तळाशी बसलेला गोळा दोन माणसं कापडात धरून वर काढतात आणि मधोमध कापतात. त्या दोन तुकड्यांना 'जुळी' म्हणतात.

"आपल्याकडे चक्का एकटीनं टांगावा लागतो," सौ. माझ्याकडे बघत म्हणाली.

एकच गोष्ट गाइड मुलीनं घाईत उरकली. दुधात काय घालतात, तर म्हणे 'नैसर्गिक पदार्थ'. आमच्यातल्या एका काकूंनी तिला तिथंच धरलं. "नैसर्गिक म्हणजे नक्की काय गं?" तेव्हा कळलं, की तो वासराच्या जठरातून काढतात. काकूंची फी त्याच क्षणी बुडीत खात्यात गेली. पुढे पावावर आणि मधावर त्यांनी जमेल तेवढी वसुली केली, ती गोष्ट वेगळी. पण शाकाहारी माणसाकडून पैसे घेताना हे तिकिटावरच छापायला नको का?

त्यानंतर मिठाचं पाणी. चीज त्यात सुमारे वीस दिवस पडून असतं. आणि मग कोठार!

मंडळी, पाहण्यासारखं जे आहे ते इथं आहे. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर चीजची चाकं. एकेक चाक साधारण ४० किलोचं. एकेकात सुमारे ५५० लिटर दूध. किमान बारा महिने ते असंच मुरतं. मग १९३४ साली स्थापन झालेल्या उत्पादक संघाचा तज्ज्ञ येतो आणि बाजारात बायका माठ वाजवून घेतात, तसं प्रत्येक चाक छोट्या हातोडीनं वाजवून बघतो. आवाज पोकळ आला, तर आत भेग. पास झालेल्या चाकावर तापल्या लोखंडाचा शिक्का बसतो. नापासाच्या सालीवरची अक्षरं खरवडून टाकतात. कर्जदाराला असं वाजवून बघायची सोय असती, तर आमच्या शाखेचं कितीतरी रडगाणं वाचलं असतं.

तर या कोठारात आम्हाला किती वेळ मिळाला? सात मिनिटं, फोटोंसकट. आणि दुकानात? एक तास. माझा आक्षेप आहे तो इथं.

गाईला चारा आज लागतो; चीज विकायचं दोन वर्षांनी. मधल्या काळात गोठा कशावर चालायचा? याचं उत्तर त्या प्रांतातल्या 'क्रेडिटो एमिलिआनो' या बँकेनं १९५३ पासून दिलेलं आहे. ही बँक चीजच्या चाकांवर कर्ज देते! चाकं बँकेच्या गोदामात जातात. तिथं ती वेळच्या वेळी उलटली जातात, पुसली जातात, आणि कर्ज फिटलं की सुटतात. तारण ठेवलेली मोटार दिवसागणिक उतरते. हे तारण पडल्या पडल्या चढतं. आमच्या काउंटरवर पेरणीच्या तोंडावर मंगळसूत्र पुढे करणारी बाई येते. तिला थांबणं परवडत नाही, आणि तिच्या शेतातल्या टोमॅटोला तर त्याहून नाही. त्या कोठारात उभा राहून मी जर कशाचा हेवा केला असेल, तर तो चवीचा नव्हे, थांबता येण्याचा.

गाइडला बँकेबद्दल विचारलं. "ते आमच्या कार्यक्रमात नाही," ती गोड हसून म्हणाली आणि आम्हाला चव घ्यायला घेऊन गेली.

तो भाग तिनं छान सांगितला, हे मान्य. बारा महिन्यांचा तुकडा दुधाळ. चोवीसच्यात दाताखाली कण लागतात. ते मीठ नव्हे, टायरोसिन. छत्तीस महिन्यांचा कोरडा, ठिसूळ, झणका देणारा. पण दूध तेच, हंडी तीच, हात तेच. मग फरक कशाचा? फरक फक्त थांबण्याचा, आणि त्या थांबण्याचं व्याज कोणीतरी भरलेलं असतं. ते न सांगता नुसती चव दाखवणं म्हणजे मुद्दल दाखवून व्याजाचा रकाना झाकून ठेवणं.

तरीही संधी मिळाली तर जरूर जा. कोठारात मात्र मुद्दाम सगळ्यांच्या मागे रेंगाळा. आणि दुकानात छत्तीस महिन्यांच्या तुकड्याची किंमत ऐकून छातीत धस्स झालं, तर त्या रकमेला वजनानं भागू नका. महिन्यांनी भागा. स्वस्त वाटेल.