फसलेल्या नकलेची नक्कल

इलेक्ट्रिक गिटारचा फाटका आवाज बऱ्याच अंशी ठरवून शोधलेला नाही, तो बिघाडातून हाती लागला. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बास मिक्सरच्या नादुरुस्त चॅनेलमधून घरघरत बाहेर पडला. गाणं १९६१ साली गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी ती घरघर पायाने दाबायच्या एका डबीत, म्हणजे पेडलमध्ये, बसवली आणि गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ती डबी ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणली. १९६४ साली किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर असा आवाज मिळवायला ॲम्पच्या स्पीकरचा पडदाच ब्लेडने चिरला.

या ‘फझ’ आवाजाला आपला ओबडधोबडपणा लपवायचा नव्हता. ओव्हरड्राइव्ह या दुसऱ्या जातीच्या पेडलची महत्त्वाकांक्षा वेगळी होती: ताणलेल्या ॲम्पची नक्कल. व्हॉल्व्हचा ॲम्प पूर्ण उघडला की तो थकतो, ध्वनिलहरींचे माथे गोलसर कापतो. हलक्या हाताने वाजवलं तर आवाज स्वच्छ राहतो, जोर लावला की गुरगुरतो. वादकाला हवा होता तो हा हातागणिक बदलणारा स्वभाव. पण त्यासाठी कान फुटतील एवढा आवाज सोडावा लागे. तोच स्वभाव बेताच्या आवाजात, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर देण्याचं काम जपानी कंपन्यांनी अंगावर घेतलं. १९७७ मध्ये बॉसचा पिवळा ‘ओडी-१’ आला. नॉब फक्त दोन, टोनचा नाहीच. १९७९ च्या सुमारास आयबानेझचा हिरवा ‘ट्यूब स्क्रीमर’ आला. त्याची रचना सुसुमु तामुरा यांची.

या हिरव्या डबीचं झाकण उघडून पाहण्यासारखं आहे. आत ४५५८ नावाची आठ पायांची आयसी आणि तिच्या फीडबॅकच्या वाटेवर उलटसुलट जोडलेले दोन डायोड. लहर ठरावीक उंचीच्या वर गेली की डायोड तिला दाबतात. मात्र या मांडणीत मूळ सिग्नल पुसला जात नाही, कापलेल्या लहरीत तो मिसळलेलाच राहतो. म्हणून बोटांचा आघात शाबूत राहतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या खर्जाला हे सर्किट कमी उचलतं आणि टोनचा फिल्टर वरची किणकिण कमी करतो. उरतो तो मधला पट्टा, नाकातून बोलल्यासारखा.

खरा व्हॉल्व्ह ॲम्प असा वाजत नाही. म्हणजे नक्कल साफ फसली! घरी एकट्याने वाजवताना तो आवाज बारका, कोंदट वाटतो. पण बँडमध्ये खर्ज बास आणि बेस-ड्रमने व्यापलेला असतो, वरची जागा झांजांनी. गिटारला मोकळा सापडतो तो हाच मधला पट्टा. स्टीव्ही रे व्हॉनने ट्यूब स्क्रीमर फेंडरच्या मोठ्या ॲम्पपुढे ठेवला. त्या ॲम्पचा मधला आवाज मुळात पोकळ, आणि ती पोकळी नेमकी भरून निघाली. पुढे मेटलवाल्यांनी ड्राइव्हचा नॉब शून्याजवळ आणि लेव्हलचा पूर्ण वर ठेवून हाच पेडल आधीच गरजणाऱ्या ॲम्पच्या खर्जाला आवळण्यासाठी वापरला. ॲम्पची नक्कल म्हणून निघालेली डबी शेवटी ॲम्पची सोबतीण झाली.

कापणीचाही पोत असतो. लहरीच्या दोन्ही बाजू सारख्या कापल्या तर विषम क्रमांकाचे उपस्वर उमटतात; ओडी-१ किंवा बॉसच्याच १९८१ च्या ‘एसडी-१’ प्रमाणे कमी-जास्त कापल्या तर समही येतात, पहिला वरच्या षड्जाचा. तानपुऱ्याला जवारी काढणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही: मूळ स्वर तोच, पण त्याच्या आतलं ऐकू येऊ लागतं.

इथपर्यंत कल्पकता होती. त्यानंतरचा इतिहास मला बराचसा पाठांतराचा वाटतो. १९९४ मध्ये अमेरिकेत बिल फिनेगन यांनी ‘क्लॉन सेंटॉर’ आणला, हा सन्माननीय अपवाद. आत व्होल्टेज दुप्पट करून लहरीला पसरायला जागा दिलेली, स्वच्छ आणि कापलेला आवाज एकाच नॉबने मिसळणारा. सर्किट कोणी पाहू नये म्हणून त्यावर काळा राळेचा थर ओतलेला. हौशी लोकांनी तो खरवडून नकाशा काढलाच. साधारण आठ हजार नग बनले. आज जुना नग हजारो डॉलरला जातो. पेडल उत्तम आहे, पण इतका? किंमत आवाजाची कमी आणि दंतकथेची जास्त.

आता बाजारात शेकडो ‘नवे’ ओव्हरड्राइव्ह आहेत आणि बहुतेकांच्या पोटात तामुरा किंवा फिनेगन सापडतात. ४५५८ च्या जुन्या बॅचसाठी लोक भांडतात. तीच आयसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळते. डिजिटल मॉडेलर तर या फसलेल्या नकलेचीही बिनचूक नक्कल करण्यात शक्ती खर्चतात. ऐकायला वाईट नाही, पण याला प्रगती म्हणताना मी अडखळतो.

खरा न सुटलेला प्रश्न दुसराच आहे. दोन स्वर एकत्र कापले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर जन्मतात. षड्ज-पंचमाच्या जोडीत ते जुळून बसतात. गंधार घातला की चिखल. रॉकमध्ये गंधार गाळलेल्या पॉवर कॉर्डचं राज्य आलं, त्यात या गणिताचा वाटा मोठा. प्रत्येक तारेचा सिग्नल वेगळा घेऊन वेगळा कापण्याचे प्रयोग झाले. त्यात गंधार स्वच्छ लागला, पण आवाज गिटारपेक्षा ऑर्गनकडे झुकला, आणि तारा एकमेकींत मिसळून होणारा तो चिखल हवा असलेले वादक पुन्हा हिरव्या-पिवळ्या डब्यांकडे वळले.