सोसण्याच्या अटीवर मिळालेला प्रवेश

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल न्यायमूर्तींनी दिला. तो अंगावर झेलला मुलांनी. अर्कान्सास राज्यातील लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये १९५७ साली नऊ काळे विद्यार्थी गेले. त्यांपैकी एक, मेल्बा पटिलो बील्स. त्यांचे ‘वॉरियर्स डोन्ट क्राय’ हे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध झाले. आपण ते एका प्रश्नासाठी वाचले पाहिजे : शोषितांच्या मुलाला शाळेत घेतले, म्हणजे समाजाने त्याला स्वीकारले काय?

घटना सर्वश्रुत आहेत. ४ सप्टेंबरला गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी उभ्या केलेल्या नॅशनल गार्डने मुलांना अडवले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर धाडल्यावर २५ सप्टेंबरला ती संगिनींच्या पहाऱ्यात आत गेली. बहुतेक इतिहास इथे टाळ्या वाजवून थांबतो. बील्सबाईंचे पुस्तक मात्र इथून खरे सुरू होते.

नऊ जणांना वेगवेगळ्या वर्गांत पांगवले गेले. खेळ, संघ, मंडळे त्यांना बंद. सैनिक दारापर्यंत येई. वर्गात, मुलींच्या स्वच्छतागृहात येत नसे. अत्याचार नेमका तिथेच होई. पंधरा वर्षांच्या मेल्बाच्या डोळ्यांत ॲसिड उडवले गेले. तक्रार केली की कोणी मोठ्या माणसाने पाहिले काय, असा सवाल. पाहणारे मोठे तर मान फिरवून उभे! एक गोरा मुलगा तिला मदत करतो, पण चोरून, लपून. त्या शाळेत माणुसकीसुद्धा उजेडात वावरू शकत नव्हती.

दलित वाचकाला यातले काय अनोळखी आहे? सातारच्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर बसत. शिपाई नसला की तहान तशीच राही. तिकडे शाळाच दोन होत्या. इकडे शाळा एक होती आणि भिंत तिच्या आत होती. लिटल रॉकमध्ये शाळा एक झाली, तेव्हा भिंत पडली नाही. तीही आत आली.

या पुस्तकातली सर्वांत बोलकी व्यक्ती माझ्या मते मिनीजीन ब्राउन. उलट मारायचे नाही, बोलायचे नाही, ही नऊ जणांवरची अट. मिनीजीनने ती मोडली. छळणाऱ्या मुलीला तिने शब्दाने उत्तर दिले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये तिला शाळेतून काढून टाकले गेले. एक गेली, आठ उरले, अशा अर्थाची कार्डे शाळेत वाटली गेली. म्हणजे प्रवेश हक्काने मिळालाच नव्हता. तो सोसण्याच्या अटीवर मिळाला होता.

इथेच पुस्तकाशी माझा मतभेद आहे. योद्धे रडत नाहीत, हे आजीचे सांगणे शीर्षक झाले आहे. त्या आजीच्या धैर्यापुढे मान लववावी लागते. पण सहनशीलतेचा असा गौरव प्रस्थापितांच्या फार सोयीचा असतो. पोरीला योद्धा व्हावे लागले, हा समाजाचा गुन्हा आहे. तो तिच्या पराक्रमाखाली झाकला जाता कामा नये. मान फिरवणाऱ्या शिक्षकांची घडण कशी झाली, हा प्रश्न लेखिकेने अधिक कठोरपणे विचारायला हवा होता.

मे १९५८ मध्ये अर्नेस्ट ग्रीन त्या शाळेतून पदवी घेणारा पहिला काळा विद्यार्थी ठरला. १९५८-५९ साली लिटल रॉकच्या सरकारी हायस्कूलांना कुलूप लागले. काळ्यांच्या शेजारी बसण्यापेक्षा आपलीही मुले शाळेविना राहिलेली पत्करली! वर्चस्वाचे व्यसन असे असते. म्हणून कोणत्याही शाळेची परीक्षा आपल्या किती मुलांना प्रवेश दिला यावर संपत नाही. आपले मूल तिथे उलट बोलले, तर दुसऱ्या दिवशी ते वर्गात असते काय, हे पाहिले पाहिजे.