हसरा शेतकरी आणि खरा माणूस

धाराशिव जिल्ह्यात गावोगावच्या भिंतींवर हल्ली शेतकरी रंगवलेला दिसतो. भरलेले अंग, कोरा फेटा, मागे हिरवेगार शिवार आणि चेहऱ्यावर न मावळणारे हसू. ज्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, तिथे हे हसू खटकते.

अशा हसण्याला इतिहास आहे. १९३४ मध्ये सोव्हिएत लेखकांच्या अधिवेशनात समाजवादी वास्तववादावर अधिकृत शिक्का बसला. १९३७ मध्ये गेरासिमोव्ह आणि प्लास्तोव्ह या सोव्हिएत चित्रकारांनी सामूहिक शेतीवरच्या मेजवान्या रंगवल्या. प्लास्तोव्हच्या चित्रात तर गर्दीच्या वर स्टालिनची तसबीर आहे. युक्रेनमध्ये लाखो माणसे उपाशी मेली, त्याला तेव्हा चार-पाचच वर्षे झाली होती. हात कसलेले, साक्ष खोटी.

नुसत्या नव्या शैलीनेही कामगार चित्रात येत नाही. रशियन कलावंत तात्लिनचा क्रांतीचे स्मारक म्हणून आखलेला मनोरा नमुन्यापलीकडे गेला नाही. आपल्याकडे चित्रकार सूझा आणि त्यांच्या प्रोग्रेसिव्ह गटातल्या मंडळींनी १९४७ मध्ये बंड पुकारले, पण कामगार त्यांच्या कॅनव्हासवर फार काळ टिकला नाही.

खरी परंपरा जर्मन चित्रकार केटे कोलवित्झची. तिचा नवरा कार्ल बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होता आणि त्याच्याकडे येणाऱ्या बायका ती रोज पाहत होती. नाटककार हाउप्टमानचे विणकरांवरचे नाटक पाहून तिने १८९३ ते १८९७ या काळात त्यांच्या बंडावर सहा मुद्राचित्रे केली. पहिल्या चित्रात आजारी मूल आणि डोके धरून बसलेली आई, शेवटच्यात मागाशेजारी आणून ठेवलेली प्रेते. बंड मुलाच्या अंथरुणापासून सुरू होते, हे तिने दाखवले. १८९८ मध्ये तिला पदक द्यावे अशी शिफारस झाली. कैसरने ती फेटाळली.

हीच नजर चित्रकार चित्तप्रसादांनी मुंबईत अंधेरीच्या खोलीत राहून लिनोकटमध्ये उतरवली; त्यांच्या चित्रांतली मुले कामाला जुंपलेली आहेत. सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात तीस वर्षे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत मुंबईचा कामगार रंगवला. त्यांच्या माणसांची मूठ वळलेली नसते. अंग जड असते, प्रवासाने आंबलेले असते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे काय झाले, ते त्यांचे २००१ चे ‘लोअर परळ’ हे चित्र कोणत्याही घोषणेशिवाय सांगते.

दुःख रंगवले तर निराशा पसरते, असे म्हणणाऱ्यांनी ‘उचल्या’ हे आत्मकथन आठवावे. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून, म्हणजे आजच्या धाराशिवपासून, वेगळे झाले. त्या जुन्या जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये त्यात भूक आणि मार जसाच्या तसा लिहिला. त्याने समाज खचला नाही, त्याला बोलायचे बळ आले. साहित्याला जे जमले ते चित्रकलेला का जमू नये? मुकादमाकडून ऊसतोडीसाठी उचल घेऊन नवरा-बायको सहा महिने एका कोयत्यावर राबतात, पाचटाच्या खोपीत मुले वाढतात. हा विषय नसेल, तर विषय कोणता?

जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांनी यंदा मुलांच्या हाती कोळसा द्यावा आणि त्यांना थेट उसाच्या फडावर न्यावे. तिथे बसून, विचारून, नावानिशी एकेक माणूस काढावा. हसरा शेतकरी पुष्कळ रंगवून झाला.